आठव्या सिनेमातली आंधळी

तिला सगळे घारी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि तिची त्याला मुळीच हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त ‘बिचारी’ या शब्दाला. तो कुणी उच्चारला की तिच्या कपाळावर आठी चढायची आणि बोलणाऱ्याची त्या दिवसापुरती तरी खैर नसायची. हाच शब्द आपल्याला आयुष्यभर चिकटवायला लोक टपून बसणार आहेत, हे तेव्हा तिला कुठून ठाऊक असणार!

डोळे मात्र खरोखरच घारे होते. कवी लोक सांगतात तसे सरोवराबिरोवरासारखे नव्हेत. धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या सदऱ्यासारखे. घरात दुसऱ्या कुणाचे तसे नव्हते. आई म्हणे, पणजोबांचे होते. पणजोबांना पाहिलेलं कुणी जिवंत नव्हतं, त्यामुळे विषय तिथेच मिटायचा.

सतराव्या वर्षी ती एका नाटक कंपनीत कपड्यांना इस्त्री करायला लागली आणि अठराव्या वर्षी स्टेजवर उभी राहिली. मधली हकिगत सगळ्याच नटांची असते तशीच: कुणीतरी आजारी पडलं, आणि हिला संवाद पाठ होते. त्या काळी स्टेजच्या कडेला दिवे ओळीने मांडलेले असत. खालून उजेड आला की बाकीच्यांच्या चेहऱ्यावर नाकाच्या सावल्या पडायच्या, आणि घारीचे डोळे असे लकाकायचे की शेवटच्या बाकावरचा माणूसही पुढे सरकून बसायचा. आजारी बाई बरी होऊन आली, पण तिला परत घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

कंपनीचे पडदे रंगवणाऱ्याशी तिने लग्न केलं. तो बोलायला महाकंजूष आणि रंगाला उदार. त्याची आई कंपनीची शिंपीण होती. तिच्या हातात कातर असायची आणि तोंडात त्याहून धारदार जीभ. ‘सासूबाई’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं ते इथे बाजूला ठेवावं. ही सासू सुनेला घालूनपाडून बोलायची खरी, पण तो हक्क दुसऱ्या कुणाला तिने एक दिवससुद्धा दिला नाही. “माझ्या सुनेत खोट काढायची तर मी आहे ना!” असं ती खुशाल चारचौघांत सांगायची.

घारीचं नाव झालं ते एका खटल्याच्या नाटकात. एका श्रीमंत घरातली मोलकरीण. धन्याने आपल्याच भावाला गच्चीवरून ढकललं, ते हिने पाहिलेलं. दोन अंकभर ती गप्प. तिसऱ्या अंकात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते, आरोपीकडे बघते आणि दोनच शब्द बोलते: “मी पाहिलं.” बस्स. पण ते दोन शब्द बोलण्याआधी घारी नुसती बघत राहायची. इतका वेळ बघायची की थिएटरात खोकणारे खोकायचे थांबायचे. आरोपीचं काम करणारा नट तिला म्हणायचा, “बाई, तू अशी बघतेस की मी खरंच काहीतरी केलंय असं मला घरी गेल्यावरही वाटत राहतं.” तीनशेच्या वर प्रयोग झाले. रोज तेच दोन शब्द, आणि रोज ते पहिल्यांदाच बोलते आहे असं तिला वाटे. ती भूमिका तिची होती. नवऱ्याइतकी, किंबहुना कणभर जास्तच.

मग सिनेमा आला. आधी एका तंबूत आला, मग तंबूची इमारत झाली, आणि नाटकाच्या बाकांवर माणसांऐवजी मांजरं झोपू लागली. कंपनी बुडाली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काडी नव्हे, अख्खा ओंडकाच समोरून वाहत होता. सगळ्यांनी त्यालाच हात घातला.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या विटांच्या कारखान्याचं पटांगण. तिन्ही बाजूंनी लाकडी भिंती, वर छप्पर नाही, कारण दिवे नव्हते, सूर्य होता. ऊन फार कडक झालं की वर पांढरं कापड ताणायचं, कमी झालं की कडेला पांढरे फळे उभे करून ते ऊन नटांच्या तोंडावर मारायचं. कॅमेरा हाताने फिरवायचा. तो फिरवणाऱ्याला सगळे हँडलमामा म्हणत. हँडलची गती एकसारखी राहावी म्हणून तो तोंडाने एक चाल गुणगुणत असे, आणि ती होती त्याच्या आईने म्हटलेल्या अंगाईची. लढाई असो, दरोडा असो, मामाची आपली अंगाई चालू. नव्या नटांना तलवार उपसता उपसता जांभया यायच्या.

पहिल्या दिवशी घारी आणि बाकीच्या नाटकवाल्यांनी जी चूक केली ती फक्त नाटकवालेच करू जाणोत. त्यांनी नेहमीसारखा रंग लावला: गालांवर लाली, ओठांवर लाल. स्टेजवर लाली म्हणजे तारुण्य. आठवड्याने पडद्यावर बघतात तर काय, नायकाच्या गालांना खड्डे पडलेले, ओठ कोळसा खाल्ल्यासारखे काळे. आणि घारी? काळे ओठ, काळे गाल आणि त्यांच्यावर दोन पांढरेफटक डोळे. बुबुळंच नाहीत! पुढच्या रांगेत एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. घारीचेही डोळे पांढरे व्हायची वेळ आली, पण पडद्यावर ते आधीच झालेले होते.

“असं कसं झालं, मामा?” तिने हँडलमामाला गाठलं.

“ही फिल्म आहे ना पोरी, तिला लाल रंग अजिबात खपत नाही. लाल दिसलं की काळं करते. आणि निळ्यावर भाळते, निळं दिसलं की पांढरं. म्हणून तर आमच्या सिनेमात आभाळ कायम कोरं असतं. लालीचं काय, ती पुसता येईल. तुझे डोळे कसे पुसणार?”

नाटकवाल्यांनी दुसऱ्या दिवशी लाली पुसली, पिवळट रंग थापला आणि ते माणसांत आले. घारीला तशी सोय नव्हती. सिनेमा कंपनीचे मालक पूर्वी जाहिरातींच्या पाट्या विकत असत. माल खपत नसला तर त्याचं नाव बदलून बघावं, हे त्यांना चांगलं कळत होतं. ते म्हणाले, “बाई, तुम्हाला काढून कशाला टाकायचं? तुम्ही आंधळीचं काम करा.”

आणि आंधळीचं काम ती करू लागली. पहिली आंधळी भिकारीण. मग आंधळी राणी. मग आंधळी जादूगारीण, मग एका आंधळ्या मुलीची आंधळी आई. लोक हमसून हमसून रडत. दर सिनेमात निदान एक आंधळी असलीच पाहिजे असा प्रेक्षकांचा हट्ट झाला. रस्त्याने जाताना बायका कुजबुजत, “बघ बघ, तीच ती, बिचारी.” एकदा तर एका सद्गृहस्थाने तिचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. तिला जायचं होतं अलीकडच्याच औषधांच्या दुकानात. तो गेल्यावर ती तेवढाच रस्ता ओलांडून परत आली, आणि घरी येऊन पाण्याचा तांब्या असा आदळला की सासूबाईंच्या शिवणयंत्राचा दोरा तुटला.

“आदळआपट पुरे,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांच्या डब्याला दिसत नाही म्हणून तू आंधळी? नाचता येईना अंगण वाकडं! चित्र यांना काढता येईना आणि म्हणे माझ्या सुनेचे डोळे वाईट.”

“मग मी करू काय, आई?”

“करशील काहीतरी. पण त्या तांब्याने काय घोडं मारलंय?”

सात सिनेमे झाले. सातव्यात एक गंमत झाली. आंधळी म्हातारी दारात बसून मुलाची वाट बघते, एवढंच दृश्य होतं. दुसऱ्या दिवशी फिल्मचा तुकडा धुऊन आला आणि मालक कडाडले. “आंधळीचे डोळे काळे कसे झाले? ही तर टक्क बघतेय! फेका तो तुकडा, पुन्हा काढा.” सगळ्यांसमोर घारीला बोलणी बसली. दिसतं म्हणून बोलणी खाणारी ती जगातली पहिलीच बाई असावी. बाकीचे हसले. ती हसली नाही. दुपारी सगळे जेवायला बसले असताना तिने कचऱ्याच्या टोपलीतून तो तुकडा उचलला आणि पदरात बांधून घरी आणला.

सासूबाईंकडे बारीक टाक्यांसाठी एक भिंग होतं. खिडकीत उभं राहून तिघांनी तो तुकडा उजेडाला धरून पाहिला. बोटाच्या पेराएवढ्या चौकटीत घारी बसलेली, आणि तिच्या डोळ्यांत दोन ठसठशीत काळे ठिपके. सात सिनेमांत पहिल्यांदा ती कुठेतरी बघत होती.

“त्या दिवशी वेगळं काय होतं?” घारी स्वतःशीच बोलत होती. “ऊन तेच. कॅमेरा तोच. मामाची अंगाई तीच.”

आणि मग तिच्या नवऱ्याने तोंड उघडलं. ही घटना घरात आठवड्यातून फार तर दोनदा घडायची. “माझा रात्रीचा पडदा,” तो म्हणाला.

त्याने रात्रीच्या आभाळाचा म्हणून एक मोठा थोरला काळाभोर पडदा रंगवला होता, आणि तो वाळायला त्या दिवशी नेमका कॅमेऱ्याच्या मागे टांगला होता. घारी दारात बसून त्याच्याकडेच बघत होती.

सासूबाई उठल्या. पेटीतून त्यांनी एका जुन्या नाटकातल्या न्यायाधीशाचा काळा झगा काढला आणि दोन्ही हातांनी सुनेसमोर पसरून धरला. “बघ याच्याकडे. हलू नकोस.” आणि झग्याच्या कडेवरून त्या तिच्या डोळ्यांत वाकून बघू लागल्या. घटकाभराने त्या ओरडल्या, “अगं बाई! बाहुली मोठी झाली की तुझी! संध्याकाळी मांजराची होते तश्शी! घारा रंग नुसता काठाला उरलाय.” झगा बाजूला केला, खिडकीचा उजेड डोळ्यांवर पडला, की बाहुली पुन्हा मोहरीएवढी. पुन्हा झगा धरला, पुन्हा मोठी. हा खेळ त्यांनी इतका वेळ केला की शेवटी भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी घारी मालकांकडे जाणारच होती, पण मालकांनीच सगळ्यांना बोलावलं होतं. पुढचा सिनेमा जाहीर झाला, तो त्या खटल्याच्या नाटकाचा. घारी दोन पावलं पुढे आली. मालक सांगत होते, “आरोपी हा. न्यायाधीश हे. आणि साक्षीदार मोलकरीण...” त्यांनी मागे वळून पाहिलं. “माझी भाची.”

भाची एकोणीस वर्षांची. डोळे टपोरे आणि काळेभोर, यात वाद नाही. तिला कामाची आवड होती की नाही हे कुणी विचारलं नव्हतं, तिलाही नाही.

“ती भूमिका माझी आहे,” घारी म्हणाली.

“होती, बाई. नाटकात होती. ‘मी पाहिलं’ म्हणणारी बाई पडद्यावर आंधळी दिसली तर कोर्टात तिचं ऐकेल कोण? लोक खुर्च्या फेकतील.”

“डोळे काळे दिसतील. कसे ते मला कळलंय. एक तुकडा काढून बघा.”

“फिल्म काय झाडाला लागते?” मालक हसले. “आणि रुसू नका. तुमच्यासाठी खास काम लिहिलंय. मोलकरणीची आंधळी आई. लेकीच्या शेजारी कोर्टात बसायचं, काठी धरून. नाटकात नव्हती ही, मी घातली. तुमच्याशिवाय आमचा सिनेमा चालायचा नाही.”

त्या दिवशी ती घरी चालत आली. वाटेत कुणी हात धरला असता तर त्याचं काही खरं नव्हतं. काम सोडून द्यावं असं तिच्या मनात आलं, आणि ते सासूबाईंनी तिच्या चालण्यावरूनच ओळखलं. “सोडलंस तर तो म्हणेल, बिचारी गेली,” त्या म्हणाल्या. घारीने काम सोडलं नाही.

महिनाभर आंधळ्या आईची दृश्यं झाली. ती काठी टेकत चालली, चाचपडली, पांढऱ्या डोळ्यांनी आभाळाकडे बघत राहिली. मालक खूश होते. कोर्टाच्या दृश्याचा दिवस उजाडला, आणि सकाळीच त्यांना कॅमेऱ्यामागे तो भलामोठा काळा पडदा टांगलेला दिसला.

“हा इथे कशाला?”

“वाळत घातलाय,” घारीचा नवरा म्हणाला.

“महिन्यापूर्वीच रंगवला होतास ना?”

“रंग जाड आहे.”

मालकांना पुढे विचारायला सवड नव्हती, ऊन चढत होतं. कॅमेरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर लावला होता. मागच्या बाजूला, पांढऱ्या फळ्यांच्या झगझगीत उजेडात, एका बाकावर आंधळी आई काठी धरून बसली. भाची पिंजऱ्यात उभी राहिली. मामाने हँडल धरलं, अंगाई सुरू झाली.

भाचीला तेवढंच करायचं होतं: कॅमेऱ्याशेजारी, काळ्या पडद्यापुढे उभ्या आरोपीकडे बघायचं आणि बोट दाखवायचं. ती बघू लागली, आणि तिला हसू आलं. थांबवा. पुन्हा. दुसऱ्यांदा उन्हाने तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. तिसऱ्यांदा तिने बोट उचललं, ते थरथरलं, तिचा चेहरा असा भेदरला की जणू खून तिनेच केला होता, आणि तिने मान खाली घातली. “बघ ना वर! बघ वर!” मालक ओरडत होते. हँडल फिरत होतं.

आणि मागच्या बाकावरून आंधळी उठली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ती उठली, तिने काठी शेजारी बसलेल्या शिपायाचं काम करणाऱ्या नटाच्या हातात दिली, आणि ती चालू लागली. टेबल चुकवून, खुर्ची चुकवून, सरळ. पांढऱ्या फळ्यांचा उजेड मागे पडत गेला आणि समोरचा काळा पडदा जवळ येत गेला. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला हळूच बाजूला केलं आणि ती पिंजऱ्यात उभी राहिली.

“थांबवा! मामा, थांबवा!” मालक किंचाळले.

हँडलमामाने मान हलवली. थांबवलं मात्र नाही. उलट तो अंगाई जरा मोठ्यानेच म्हणू लागला, म्हणजे मालकांचं ओरडणं आपल्याला ऐकू आलं नाही असं नंतर सांगता यावं. न्यायाधीशाच्या खुर्चीतला नट उठून उभा राहिला. ज्याने तीनशे वेळा हे डोळे अंगावर घेतले होते त्या आरोपीने नकळत आपल्या पिंजऱ्याचा गज धरला. घारी नुसती बघत होती. अंगाईचं एक कडवं गेलं. दुसरं गेलं. आवाज कुठेच उमटणार नव्हता तरी तिने ते दोन शब्द खणखणीत उच्चारले.

“मी पाहिलं.”

मग ती मालकांकडे वळली आणि म्हणाली, “आता काढून टाका मला.”

मालकांनी काढूनच टाकलं असतं. त्यांचे ओठ तसे हललेही. पण फिल्म एवढी खर्ची पडली होती की धुऊन बघितल्याशिवाय ती फेकवेना. संध्याकाळी तुकडा पडद्यावर लागला तेव्हा मालक, मामा, भाची, सगळे होते. सासूबाई नोकरीला नसतानाही पहिल्या बाकावर होत्या. पडद्यावर आंधळी आई उठली, पांढऱ्या डोळ्यांची. चालू लागली. आणि एकेका पावलागणिक तिचे डोळे भरत आले. आधी राखाडी, मग गडद, आणि पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा काळेभोर. ती पडद्यातून थेट बाकांवर बघत होती. मालकांनी आपली खुर्ची नकळत थोडी मागे सरकवली.

भाची मालकांना म्हणाली, “मामा, म्हणजे ती आंधळी नव्हतीच. सगळे तिला आंधळी समजत होते म्हणून तिच्यासमोरच सगळं करत होते.” आणि थोडं थांबून, “माझं घाबरणंही तसंच राहू द्या. मी खरंच घाबरले होते.”

त्या पोरीला कामाची अक्कल नव्हती, पण गोष्टीची होती. मालकांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, आणि शेवटी ही कल्पना आपल्याला पहिल्यापासून सुचली होती असं सांगायला सुरुवात केली. पडद्यावर संवाद दाखवणाऱ्या तीन पाट्या नव्याने लिहिल्या. आरोपी आंधळीच्या देखत भावाला ढकलतो असं एक दृश्य नंतर काढलं. जाहिरातीत छापलं, ‘लाडक्या आंधळीची आठवी भूमिका’.

लोक नेहमीसारखे रडायच्या तयारीने रुमाल घेऊन आले. सात सिनेमे त्यांनी तिच्यावर दया केली होती. आठव्यात ती बाकावरून उठली, काठी शिपायाच्या हातात दिली, आणि तिचे डोळे त्यांच्यावर रोखले गेले. असं म्हणतात की थिएटरात आधी सुई पडली तरी ऐकू आली असती, आणि मग बायकांच्या बाजूने असा एक गलका उठला की पडद्याशेजारी साथीला पेटी वाजवणाऱ्याने वाजवणं थांबवलं. घारी मागच्या दारात उभी राहून बघत होती. पडद्याकडे नव्हे, लोकांकडे. आपली दया फुकट गेली हे लोकांना कळतानाचे चेहरे तिला पोटभर बघायचे होते, आणि ते तिने बघितले. तिला झाला तो आनंद सुडाच्याच जातीचा होता, हे तिने पुढे कधी लपवलं नाही.

नवव्या आंधळीचं काम घेऊन मालक घरी आले तेव्हा सासूबाईंनीच दार उघडलं. “सूनबाईंना दिसायला लागलंय,” त्या म्हणाल्या, “आता ते काम जमायचं नाही.” दार लावून घेतलं. त्यानंतर घारीने पडद्यावर मास्तरीण केली, चोराची बायको केली, एकदा तर जहाजाचा कप्तान केला, आणि प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्यामागे नवऱ्याचा रात्रीचा पडदा वाळत असे. तो काही शेवटपर्यंत वाळला नाही.

पुढे सगळ्यांचं होतं ते तिचंही झालं: मुलं झाली, नातवंडं झाली. सासूबाई गेल्या, कातर सुनेच्या हातात देऊन. कंपनी मोडली. निळ्याला निळं म्हणणारी शहाणी फिल्म आली, तोवर घारीचे केस पिकले होते. ती पुन्हा नाटकात गेली, पोरींना शिकवू लागली. “बघायला शिका,” एवढंच शिकवायची. नवरा गेला तेव्हा तिने तो काळा पडदा घडी करून पलंगाखाली ठेवला.

पंचाहत्तरीच्या पुढे तिचे डोळे खरोखरच गेले. आधी धुकं, मग दूध, मग काहीच नाही. डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. “नशीबही कसं असतं बघा,” ते हळहळले. ती म्हणाली, “नशीब नाही, वय. तुमचंही होईल.” नातसून तिला घरी घेऊन आली. त्या रात्री ती जेवली नाही, आणि नातसुनेनेही आग्रह केला नाही.

दोन वर्षांनी जुन्या सिनेमांची मंडळी दारात आली. मूकपटांचा कार्यक्रम होता, तिचा सत्कार करायचा होता. कोणता सिनेमा दाखवणार, तिने विचारलं. “आंधळी राणी,” ते म्हणाले, “किती समर्पक, नाही का?” ती म्हणाली, “आठवा दाखवणार असाल तर येते. नाहीतर राणीचाच सत्कार करा.” आठव्याचं एकच रीळ उरलं होतं, कोर्टाचं. तेच दाखवायचं ठरलं.

सभागृह भरलं होतं. निवेदकाचा आवाज मधाळ होता. “पडद्यावर सात वेळा आंधळी झालेल्या या थोर अभिनेत्रीला,” तो म्हणाला, “नियतीने आठव्यांदा, आयुष्याच्या संध्याकाळी, खरोखर... बिचाऱ्या...” आणि त्याने तिच्या हातात चांदीच्या मुठीची एक काठी ठेवली. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत कुणीतरी नाक पुसलं. मंचाच्या कडेला शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नातसुनेला तिचा हात ताठ झालेला जाणवला. घारी काठी मांडीवर आडवी धरून बसली.

दिवे गेले. रीळ सुरू झालं. साथीला कुणी नव्हतं, नुसती यंत्राची घरघर. नातसून कानाशी लागून सांगू लागली, “आजी, आता कोर्ट दिसतंय...” घारीने तिचा हात दाबला, म्हणजे गप्प. आणि ती हळू आवाजात गुणगुणू लागली. अंगाई होती. पडद्यावर भाचीने बोट उचललं, ते थरथरलं, तिची मान खाली गेली. घारीचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. तिला काही दिसत नव्हतं, तरी कुठे काय आलं हे तिला मामाच्या हातासारखं पक्कं ठाऊक होतं. बाकावरून आंधळी उठली तेव्हा सभागृहातल्या अंधारात घारीही उठली. काठी तिने शेजारी उभ्या असलेल्या निवेदकाच्या छातीशी धरली. त्याने गोंधळून ती हातात घेतली.

पडद्यावर डोळे भरत आले. राखाडी, गडद, काळेभोर. मागच्या रांगांतून कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. ती बाई बघत राहिली, बघत राहिली. एक कडवं गेलं. दुसरं गेलं. मूकपटातल्या त्या बाईचे ओठ हलले, आणि त्याच क्षणी सभागृहात म्हातारा पण खणखणीत आवाज घुमला.

“मी पाहिलं.”

दिवे लागले तेव्हा टाळ्या वाजवायचं कुणाला सुचत नव्हतं. निवेदक काठी धरून तसाच उभा होता. तो पुढे झाला, तिचा दंड धरायला लागला. “सावकाश, पायऱ्या आहेत.”

“पाच आहेत,” घारी म्हणाली, “येताना मोजल्यात. ती काठी राहू द्या तुमच्याकडेच. तुम्हाला लागेल.” तिने त्याचा हात बाजूला केला आणि नातसुनेच्या खांद्यावर आपला हात ठेवला. तो खांदा घरचा होता, त्याला मदत म्हणत नाहीत. पाच पायऱ्या उतरून दोघी दाराकडे चालू लागल्या आणि वाटेत तिने विचारलं, “खरं सांग, डोळे कसे दिसत होते?”

“काळेभोर, आजी,” नातसून म्हणाली. “माझ्याकडेच बघत होतात.”

“सगळ्यांना तसंच वाटायचं,” घारी म्हणाली, आणि बाहेर ऊन आहे का, ते तिने चेहरा वर करून पाहिलं.